किता की कामी

"डोडई," बख्त झमीन म्हणाला.

"तुम्ही नका सांगू. त्यांना सांगू द्या."

"त्याला येतंय, बाजी. अगदी ओठावर आलं होतं."

मी भाकरीचं चित्र पुन्हा वर धरलं. पलंगावर उशांना टेकून बसलेला झियारत गुल त्या चित्राकडे एकटक बघत होता. त्याचा उजवा हात कुणी आणून ठेवल्यासारखा मांडीवर पडला होता. ओठ हलले, कपाळावर घाम आला, पण शब्द काही येईना. पलंगाच्या दुसऱ्या बाजूला त्याची बायको रोसनीदा उभी होती. ती खाली वाकून हळूच म्हणाली, "रोटी."

"हे हिंदीत सांगितलंत की तुमच्या भाषेत?"

"दोन्हीत तेच आहे, बू," ती ओशाळून म्हणाली.

भाकरीला पाकिस्तानातल्या बुनेरच्या पश्तोत डोडई म्हणतात आणि सुमात्राच्या इंडोनेशियनमध्ये रोटी म्हणतात, हे मला असं कळलं. झियारत गुलच्या तोंडून मात्र त्या दिवशी काहीच आलं नाही.

याला आता बारा-तेरा वर्षं झाली. मी मूळची वर्ध्याची. तेव्हा शारजातल्या एका खासगी हॉस्पिटलमध्ये स्पीच थेरपिस्ट होते. मेंदूला झटका येऊन वाचा गेलेले पेशंट माझ्याकडे यायचे. आम्ही सगळे एकमेकांशी आखातातल्या मोडक्या हिंदीत बोलायचो. बख्त झमीन मला बाजी म्हणायचा, म्हणजे मोठी बहीण, आणि रोसनीदा म्हणायची बू, म्हणजे बाई. ते जे बोलले ते मी इथे मराठीतच सांगते.

झियारत गुल पाण्याच्या टँकरवर ड्रायव्हर होता. अर्धं आयुष्य त्याने शारजात पाणी वाहण्यात घालवलं होतं. एका बांधकामावर टाकीत पाइप सोडून तो सावलीला बसला आणि तिथेच कलंडला. टाकी भरून पाणी बाहेर वाहायला लागलं तेव्हा लोक शिव्या देत त्याला शोधायला गेले. झटक्याआधी त्याला चार भाषा येत होत्या. पश्तो आईची, उर्दू आणि अरबी कामाची, आणि इंडोनेशियन बायकोची. शुद्धीवर आला तेव्हा उर्दू आणि अरबी बोलणं पार गेलं होतं. उरलेल्या दोन भाषांचे तुकडे कधी हा, कधी तो, असे बाहेर पडत होते.

रोसनीदा पूर्वी एका घरी मोलकरीण होती, आता बुरखे शिवायच्या दुकानात काम करायची. तिचं गाव सुमात्रातलं पायाकुंबुह. त्यांची एकुलती मुलगी विर्दा तिथे मावशीकडे राहून शिकत होती. बख्त झमीन हा झियारत गुलचा थोरला भाऊ. झटक्याची बातमी कळल्यावर तो बुनेरहून आला होता. उंच, पांढऱ्या दाढीचा, आवाज इतका मोठा की शेजारच्या वॉर्डातून नर्स डोकावायची. तो धाकट्या भावाच्या बायकोशी थेट बोलत नसे. ती समोर उभी असली तरी मला सांगायचा, "हिला सांगा, त्याच्या पाठीमागे उशी दे." ती माझ्या सांगण्याची वाट न बघता उशी द्यायची.

न्यूरॉलॉजीच्या डॉक्टरीणबाईंनी मला बोलावून घेतलं.

"कंपनी त्याला परत पाठवणार आहे," त्या म्हणाल्या. "भाऊ म्हणतो बुनेरला नेतो, म्हातारी आई वाट बघतेय. बायको म्हणते माझ्या गावी नेते. दोघंही माझ्या केबिनमध्ये येऊन रडून जातात. मला एकच सांग. त्याची कुठली भाषा जास्त शिल्लक आहे? जिथे ती भाषा बोलतात तिथे त्याने जावं. जिथे त्याचं बोलणं कुणाला कळणारच नाही तिथे पाठवून उपयोग काय?"

मला ते पटलं. मोजून सांगता येईल असा प्रश्न होता आणि मोजणं हे माझं कामच होतं.

अडचण अशी होती की मला पश्तोही येत नव्हती आणि इंडोनेशियनही. ज्यांना येत होत्या त्या दोघांनाही त्याला आपल्या घरी न्यायचं होतं. तो पश्तोत काही पुटपुटला की बख्त झमीन म्हणायचा, "अगदी बरोबर बोलला." इंडोनेशियनमध्ये पुटपुटला की रोसनीदा म्हणायची, "अगदी बरोबर." मग मी सगळं रेकॉर्ड करायला लागले. घरी जाऊन पुन्हा पुन्हा ऐकायचे, आणि दुसऱ्या दिवशी एकेका शब्दाबद्दल त्या दोघांना वेगवेगळं गाठून विचारायचे.

दोन आठवड्यांत तो छोटी वाक्यं बोलायला लागला. इंडोनेशियनमध्ये तो जवळजवळ चुकतच नव्हता. मी खातो, साया माकान. काल खाल्लं, तरी माकान. उद्या खाणार, तरीही माकानच. आधी काल किंवा उद्या म्हणायचं की झालं. खाणारा पुरुष असो, बाई असो, एक असो की दहा, माकान जिथल्या तिथे. पश्तोत मात्र जवळजवळ प्रत्येक वाक्य मोडत होतं. माझ्या मोजणीत इंडोनेशियन खूप पुढे होती. मी डॉक्टरीणबाईंना तसं सांगायला निघालेच होते.

वाटेत कँटीनमध्ये बख्त झमीन चहा घेत बसला होता. त्याला आधी सांगावं असं मला वाटलं. मी समोर बसले.

"तो पश्तोत फार चुकतो," मी म्हटलं.

"चुकतो," तो मान्य करत म्हणाला. आम्ही दोघंच असलो की तो खोटं बोलत नसे. "काल म्हणाला, मा डोडई वखोड. लहान पोर हसेल."

"का? त्यात चूक काय?"

"डोडई बाई आहे, बाजी. वख्वडला म्हणायला पाहिजे. त्याने तिला पुरुष केलं. आणि मोर राग़े म्हणतो. मोर म्हणजे आई. आई आला! आई आली म्हणायचं तर आई आला म्हणतो."

मी ते वाक्य मनात मराठीत करून बघितलं. मी भाकरी खाल्ली. खाणारी मी, पण क्रियापद भाकरीच्या मागे जातं. भाकरी खाल्ली, आंबा खाल्ला, पोहे खाल्ले. माझ्या भाषेतही तसंच होतं. मी आजवर हे बोलत आले होते, पण ही किती अवघड कसरत आहे हे मला कधी जाणवलं नव्हतं. आणि अर्धा मेंदू बधिर झालेला तो माणूस ती कसरत रोज करून बघत होता, रोज पडत होता.

"माकान" मध्ये पडायला जागाच नव्हती. सपाट जमिनीवर तो चालत होता आणि जिन्यावर अडखळत होता. मी मात्र दोन्हीकडचं अडखळणं मोजून सांगायला निघाले होते की पाय कुठे जास्त चांगले आहेत.

मी चहा तसाच ठेवून वर गेले. त्या दिवसापासून चुका मोजणं सोडून दिलं, तो सांगतो किती ते ऐकायला लागले. मी बख्त झमीनला त्याला विचारायला लावलं, टँकरबद्दल सांग. पश्तोत तो बराच वेळ बोलला. सगळं मोडकं, बायांचे पुरुष आणि पुरुषांच्या बाया झालेल्या, पण त्यात टँकर होता, वाळूत रुतलेलं चाक होतं, मदतीला आलेला कुणी बलुच होता. मग रोसनीदाने इंडोनेशियनमध्ये तेच विचारलं. त्यातही टँकर होता, चाक होतं. वाक्यं तोकडी पण स्वच्छ. बलुच मात्र आला नाही, त्याच्याऐवजी ऊन आलं आणि तहान आली.

दोन्ही भाषा जिवंत होत्या. डॉक्टरीणबाईंना हवं असलेलं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

"मग आपण त्यांनाच विचारू," मी दोघांना म्हटलं. "कुठे जायचंय, ते त्यांनी सांगावं."

कुणाला हे सुचलंच नव्हतं. गेले कित्येक दिवस सगळे त्याच्या पलंगाभोवती उभे राहून, तो तिथे नसल्यासारखं, त्याच्याबद्दल बोलत होते.

आधी बख्त झमीनने विचारलं, पश्तोत. वाकून, भावाचा डावा हात हातात घेऊन. झियारत गुलने खूप वेळ घेतला. मग म्हणाला, "मुंग... कोर ता... झू."

बख्त झमीनचे डोळे भरून आले. "आम्ही घरी जातो, म्हणाला! ऐकलंत? एकही चूक नाही. मुंग, म्हणजे हम. मी आणि तो."

रोसनीदा शांतपणे पुढे झाली. ती त्याला उदा म्हणायची, तिच्याकडच्या बोलीत दादा. तिने एकच वाक्य विचारलं. त्याने तिच्याकडे बघितलं, आणि या वेळी फार वेळ न घेता म्हणाला, "कामी पुलांग."

तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. ती पाणी आणायला म्हणून बाहेर गेली. पाण्याचा जग तिथेच कपाटावर भरलेला होता.

मी तिच्या मागे गेले. व्हरांड्याच्या टोकाला ती खिडकीला टेकून उभी होती.

"काय म्हणाले ते? पुलांग म्हणजे काय?"

"घरी जाणं."

"आणि कामी?"

"कामी म्हणजे हम." तिने तळव्याने डोळे पुसले. "पण आमच्यात दोन हम आहेत, बू. एक किता. किता म्हणजे मी आणि तूपण. दुसरा कामी. कामी म्हणजे आम्ही, तू नाही. तो मला म्हणाला, कामी. घरी जाणार ते दोघं. मी नाही."

हिंदीत दोन्हीला हमच म्हणावं लागतं, म्हणून तिने मला हाताने दाखवलं. किता म्हणताना दोन्ही हात जवळ घेतले. कामी म्हणताना तळहात माझ्याकडे करून मला बाहेर ढकललं.

मला हाताने दाखवायची गरज नव्हती. आपण आणि आम्ही. घरात मोठी माणसं "आम्ही जाऊन येतो" म्हणाली की आम्हां मुलांना चपला शोधायची गरज नसे. "आपण जाऊ या" म्हटलं की उड्या. सुमात्राच्या त्या बाईला जे लागलं होतं ते मला माझ्याच भाषेत लागलं.

"रोसनीदा, या आजारात माणसं शब्दांची अदलाबदल करतात," मी म्हटलं. "हो म्हणायचं असतं, नाही म्हणतात. काका म्हणायचं असतं, मामा म्हणतात. त्यांना किता म्हणायचं असेल."

ती थोडी सावरली. मग तिला हसूच आलं.

"लग्नाआधी तो मी कामाला होते त्या घराच्या फाटकाशी टँकर घेऊन यायचा. आम्हाला एकमेकांची भाषा येत नव्हती. मी म्हटलं, लग्न करायचं तर माझी भाषा शीक. शिकला. मग माझ्या वडिलांशी बोलायला त्याच्या हातात फोन दिला. पाठ करून बोलायला लागला. आम्हाला लग्न करायचंय म्हणायचं होतं, तर म्हणाला, किता लग्न करणार. वडील म्हणाले, माझ्याशी? मला बायको आहे." ती हसत होती आणि डोळे वाहत होते. "सगळं घर हसलं. त्याला इतकी लाज वाटली. त्या दिवसानंतर तो हे दोन शब्द कधी चुकला नाही. सोळा वर्षांत एकदाही नाही."

"आता झटका आलाय," मी म्हटलं. "आपण तपासून बघू."

दुसऱ्या दिवशी बख्त झमीन नमाजाला गेला असताना मी कँटीनमधून चहा आणला. एक कप झियारत गुलच्या डाव्या हाताशी ठेवला, दुसरा मी घेतला. रोसनीदाला दिला नाही. मी सांगितलं होतं तसं तिने त्याला विचारलं, चहा कोण पितंय?

त्याने माझ्याकडे बघितलं, तिच्या रिकाम्या हातांकडे बघितलं. "कामी," तो म्हणाला.

बरोबर. आम्ही, तू नाही.

मी माझा कप तिच्या हातात दिला. तिने पुन्हा विचारलं.

"किता."

बरोबर. मी बिस्किटांवर करून बघितलं, खिडकीबाहेर बघण्यावर करून बघितलं, क्रम उलटासुलटा केला. तो एकदाही चुकला नाही. एरवी पेशंट असं बरोबर बोलायला लागला की मला आनंद होतो. त्या दिवशी प्रत्येक बरोबर उत्तरासरशी रोसनीदाचा चेहरा उतरत होता, आणि मला थांबावंसं वाटत होतं. शेवटी तीच थांबली. चहाचा कप तिने खाली ठेवला, त्यातला घोटही घेतलेला नव्हता.

"म्हणजे चूक नाही," ती म्हणाली.

"शब्द चुकलेला नाही." मी तो कप बाजूला सरकवला. "पण का म्हणाले, ते आपल्याला ठाऊक नाही."

"मला ठाऊक आहे," ती म्हणाली आणि पर्स उचलून दुकानात कामाला निघून गेली. रोज ती जाताना त्याच्या कपाळावर हात ठेवायची. तेवढं मात्र तिने त्या दिवशीही केलं.

मी तिथेच बसून राहिले. झियारत गुल दाराकडे बघत होता. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि पुसायला उजवा हात नव्हता. मी टिश्यू दिला. मग मला आठवलं. आठवड्यापूर्वी बख्त झमीन याच खोलीत, याच पलंगाशी उभा राहून माझ्याशी उर्दूत बोलला होता. "बाजी, तुम्हीच सांगा, ही परक्या मुलखातली बाई. पोर वाढवायची, पोट भरायचं. तिने काय जन्मभर याला धुवत-पुसत बसावं? आमच्याकडे घरभर माणसं आहेत. ती सुटेल." तो काही वाईट बोलला नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं.

झियारत गुलचं उर्दू बोलणं गेलं होतं. समजणं गेलं होतं असं आम्ही धरून चाललो होतो.

मी माझी खुर्ची त्याच्या समोर ओढली आणि हिंदीत, सावकाश म्हटलं, "तुम्हाला माझं बोलणं कळतंय ना? कळत असेल तर डोळे मिटा."

त्याने डोळे मिटले. मिटलेलेच ठेवले.

संध्याकाळी मी रोसनीदाला फोन केला. सगळं सांगितलं. पलीकडून शिलाई मशीनचा आवाज येत होता. मग तो थांबला.

"म्हणजे मला सोडवतोय," ती म्हणाली. "मला न विचारता."

सकाळी मी वॉर्डात गेले तेव्हा ती आधीच आली होती. ठेवणीतला हिरवा रुमाल डोक्याला बांधलेला. बख्त झमीन खिडकीशी तसबीह, म्हणजे जपमाळ, ओढत उभा होता. तिने माझी वाट बघितली असावी, कारण मी आत आल्याबरोबर ती पलंगासमोर जाऊन उभी राहिली, अगदी त्याला दिसेल अशी. आणि विचारलं, परवा विचारलं होतं तेच, कुठे जायचंय.

"कामी," झियारत गुल म्हणाला. डावा हात उचलून त्याने आधी स्वतःच्या छातीवर ठेवला, मग भावाकडे केला. "कामी पुलांग. रोस..." शब्द अडकला. त्याने दात आवळले. "रोस... विर्दा."

तू विर्दाकडे जा. एवढं मलाही कळलं.

"किता," रोसनीदा म्हणाली.

"कामी."

"किता, उदा."

"कामी!" त्याचा आवाज चढला. मी त्या पेशंटचा एवढा मोठा आवाज कधी ऐकला नव्हता.

"किता!" तिचा त्याहून चढला.

बख्त झमीनची तसबीह थांबली. तो घाईने माझ्याजवळ आला. "काय म्हणतोय तो, बाजी?"

"हम म्हणतायत."

"आणि ती?"

"तीपण हमच म्हणतेय."

तो गोंधळून एकदा भावाकडे आणि एकदा माझ्याकडे बघत राहिला. "मग भांडतायत कशावरून?"

मला हसू आलं. पश्तोत एकच मुंग, उर्दूत एकच हम. कुठून सांगायला सुरुवात करावी? "त्यांच्यात दोन हम आहेत," मी म्हटलं. "माझ्याही भाषेत आहेत. दारात कुणी आलं आणि आम्ही जेवतोय म्हटलं, तर तो परत जातो. आपण जेवू या म्हटलं, तर आत येतो."

"आमच्या दारातून कुणी परत जाऊच शकत नाही," बख्त झमीन म्हणाला.

"तुमचा भाऊ तिला परत पाठवतोय," मी म्हटलं. "तुम्ही म्हणाला होतात ना, तिने जन्मभर धुवत-पुसत का बसावं? त्यांनी ते ऐकलं. त्यांना सगळं कळतं. पहिल्या दिवसापासून कळत असेल. म्हणून ते म्हणतायत, आम्ही दोघं भाऊ घरी जातो, तू मुलीकडे जा. आणि ती म्हणतेय, जिथे जायचं तिथे आपण जाऊ."

तिकडे पलंगाशी अजून तेच चालू होतं. आता आवाज उतरले होते. कामी. किता. कामी. किता. दोघंही रडत होती. झियारत गुलचा कामी दर वेळी लहान होत चालला होता आणि रोसनीदा हलत नव्हती. शेवटी ती पलंगाच्या कडेला बसली, त्याचा उजवा, निकामी हात दोन्ही हातांत घेतला.

तो त्या हाताकडे बघत राहिला.

"किता," तो म्हणाला.

मग त्याने भावाकडे बघितलं, पुन्हा तिच्याकडे बघितलं, आणि फार प्रयत्नाने म्हणाला, "किता... मोर. लालु... विर्दा."

मोर म्हणजे आई हे मला ठाऊक होतं. रोसनीदाला सोळा वर्षांच्या संसारात ठाऊक झालंच असणार. लालु म्हणजे मग, हे तिने मला नंतर सांगितलं. आपण दोघं आधी आईकडे जाऊ, मग विर्दाकडे. अर्धं वाक्य एका भाषेतलं, अर्धं दुसरीतलं, आणि सगळं ठरवून झालेलं.

रोसनीदाने मान हलवली. हो म्हणून.

बख्त झमीन माझ्या कानाशी वाकला. "तो शब्द काय म्हणालात? आत येतो तो?"

"किता."

त्याने तो ओठातल्या ओठात दोनदा म्हणून बघितला. मग तो पलंगापाशी गेला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तो भावजयीच्या समोर उभा राहिला, नजर खाली ठेवून. तिच्या डोक्यावरच्या हिरव्या रुमालावर त्याने आपला मोठा हात ठेवला.

"किता," तो म्हणाला. "किता कोर ता झू."

डॉक्टरीणबाईंना मी सांगितलं की दोन्ही भाषा शिल्लक आहेत आणि कुठे जायचं ते पेशंटने स्वतः सांगितलं आहे. त्या वैतागल्या, मला एक नाव दे म्हणाल्या. मी पेशंटचं वाक्य म्हणून दाखवलं. त्यांनी चष्मा पुसला आणि बुनेरच्या कागदांवर सही केली. पुढच्या महिन्यात ते तिघं पेशावरच्या विमानाने गेले.

वर्षभर काही कळलं नाही. मला अधूनमधून काळजी वाटायची. बुनेरमध्ये त्या एकट्या बाईचं कसं चाललं असेल, तिला विर्दाकडे जाऊ देतील की नाही, असं सगळं मनात यायचं. मग एका दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. पायाकुंबुहहून. रोसनीदा होती.

"सासूबाई थंडीत गेल्या," ती म्हणाली. "चाळिसावा झाल्यावर भाईजान स्वतः आम्हाला विमानतळावर सोडायला आले. विर्दा आता बापाकडून पश्तो शिकते."

"आणि तुम्ही? तुम्हाला आली का पश्तो?"

"शिकले ना, त्या घरात दुसरं काही बोलतच नव्हते. पण मला कधी कळायचंच नाही, बू, कोण बाई आणि कोण पुरुष. आमच्याकडे असलं काही नसतं. मी भाकरीला पुरुष करायचे, पाण्याला पुरुष करायचे. एकदा सासूबाईंनाच म्हटलं, आई आला." ती हसायला लागली. "त्या आंधळ्या झाल्या होत्या. चुलीपाशी बसून सगळं ऐकायच्या. म्हणाल्या, माझ्या मुलाला तर झटका आला होता, तुला काय झालं गं?"

ती हसता हसता थांबली. मागे कुणीतरी मोठ्याने काहीतरी सांगत होतं, तुटक, मोडक्या वाक्यांत, आणि एक मुलगी मध्येच त्याला दुरुस्त करत होती.

"तो तुम्हाला सलाम सांगतोय," रोसनीदा म्हणाली. "कुठल्या भाषेत, ते मलाही नाही कळलं."